सदतीस अंश

१

दिग्रसहून आर्णीकडे निघालं की जिनिंगची लांब भिंत संपते, तिथे आसिम मिस्त्रीचं टिनाचं शेड आहे. गाड्या नव्या असतात तोवर शोरूमची हवा खातात आणि वॉरंटी संपली की आसिमच्या दारात येऊन उभ्या राहतात. त्याचं त्याला वाईट वाटत नसे. म्हाताऱ्या गाड्याच त्याला आवडायच्या. त्या खोटं बोलत नाहीत, जिथे दुखतं तिथेच कण्हतात, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

धनसिंग गुरुजींची पांढरी गाडी मे महिन्यात चौथ्यांदा आली तेव्हा मात्र त्याचं तोंड वाकडं झालं. सोळा वर्षांची गाडी आणि तक्रार एकच. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागायचा, पेट्रोल पाण्यासारखं जायचं, मागून काळा धूर निघायचा. स्कॅनर लावला की तोही दर वेळी एकच कोड दाखवायचा, इंजिनच्या पाण्याचं तापमान मोजणारा सेन्सर खराब. काम म्हटलं तर अर्ध्या तासाचं. बोटाएवढा पितळी सेन्सर, त्याला दोन वायरी. आसिमने तो आधी दोनदा बदलला होता. कोड पुसून गाडी द्यायची आणि चार दिवसांत दिवा पुन्हा हजर.

गुरुजी म्हणजे धनसिंग राठोड, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर. दिग्रसपासून आठ किलोमीटरवर तांड्यात त्यांचं घर. दुसरं कोणी असतं तर चौथ्या खेपेला चार शब्द सुनावले असते. गुरुजींनी फक्त किल्ली टेबलावर ठेवली आणि गाडी राहू द्या, मले घाई नाही, एवढंच म्हणून ते एसटी पकडायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता आसिमने शेड उघडलं. रात्रभर उभी राहिलेली गाडी. बॉनेटवर हात ठेवला तर थंडगार. तापमान मोजायची बंदूक त्याने इंजिनवर धरली, तिने तीस अंश दाखवले. मे महिन्यातल्या सकाळच्या हवेइतकेच. मग त्याने इंजिन चालू न करता नुसती किल्ली फिरवली आणि स्कॅनर जोडला.

स्कॅनर म्हणाला, सदतीस.

२

आसिम हसला. सेन्सर बिघडला की काहीही आकडा दाखवतो, त्यात नवल ते काय. पण बिघडलेला सेन्सर कधी वर उडी मारतो, कधी खाली आपटतो. हा आकडा जागेवर बसून होता.

त्याने इंजिन चालू केलं. अर्ध्या तासाने रेडिएटरला हात लावायची सोय राहिली नाही, बंदुकीत एक्याण्णव आले. स्कॅनरवर सदतीसच. म्हणून तर गाडी पेट्रोल पीत होती. पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणाऱ्या गाडीच्या कॉम्प्युटरला वाटत होतं इंजिन अजून तापलंच नाही, आणि तो आपला ओततच होता.

मग आसिम हट्टाला पेटला. सेन्सर काढून चहाच्या उकळत्या पाण्यात बुडवला आणि मल्टिमीटरने मोजला, एकदम बरोबर. वायरी टोकापासून टोकापर्यंत तपासल्या, त्याही साबूत. सेन्सरचा प्लग काढून ठेवला तर स्कॅनरने उणे चाळीस दाखवले, आणि दोन वायरी एकमेकींना टेकवल्या तर एकशे चाळीस. दोन्ही आकडे असेच यायला हवेत. प्लग काढ, लाव, वायरी टेकव, सोड, असं त्याने त्या दिवशी दहा-बारा वेळा तरी केलं. प्रत्येक वेळी प्लग परत बसवला की आकडा थोडा वेळ थरथरायचा, छत्तीस-अडतीसमध्ये झुलायचा, आणि मग सदतीसवर येऊन टेकायचा.

पुसदच्या एका भंगारवाल्याकडून त्याने त्याच मॉडेलचा कॉम्प्युटर मागवला. तोही लावून पाहिला. सदतीस.

दुपारी रस्ता ओस पडला. शेडचे पत्रे उन्हाने तडतडत होते आणि गाडीतला रिले मधूनच टिक करायचा. आसिम डबा उघडून बसला, पण त्याची नजर पुन्हापुन्हा स्कॅनरकडे जात होती. रात्री उशिरा शेड बंद करताना आकडा छत्तीसवर आला. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा सदतीस झाला. सलग तीन दिवस हेच चाललं. पंधरा वर्षांत त्याला इंजिनाची भीती कधी वाटली नव्हती. आता वाटू लागली, आणि कशाची वाटते ते सांगता येईना.

३

चौथ्या दिवशी गुरुजी आले. आसिमने त्यांना सगळं सांगितलं. खरं तर लाज वाटत होती, पण गिऱ्हाइकाला थापा मारायची त्याला सवय नव्हती. स्कॅनर त्याने त्यांच्या हातात दिला.

गुरुजी आकड्याकडे बघत राहिले. शाळेतली जुनी खोड म्हणून ओठांतल्या ओठांत त्यांनी काहीतरी गुणलं, भागलं, मिळवलं.

"सदतीस सेल्सिअस म्हणजे अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा," ते म्हणाले. "हे माणसाच्या आंगाचं टेंपरेचर आहे, मिस्त्री."

आसिमच्या घरच्या थर्मामीटरवर आकडे फॅरेनहाइटमध्ये होते. सदतीस म्हणजे काय, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. योगायोग असन, असं तो म्हणाला. म्हणताना त्याला रात्रीचे छत्तीस आठवले. झोपलेल्या माणसाचं अंगही रात्री थोडं निवतं.

गुरुजी स्टुलावर बसले. चौदा महिन्यांपूर्वी त्यांचा एकुलता एक मुलगा बादल घरातून निघून गेला होता. हीच गाडी तो यवतमाळपर्यंत भाड्याने चालवायचा. काहीतरी क्षुल्लक कारणावरून बापलेकाचं वाजलं, गुरुजींनी पंचवीस वर्षांच्या मुलाला गाडीपाशी सगळ्यांदेखत थोबाडीत मारली, आणि तो किल्ली बॉनेटवर ठेवून पायी चालता झाला. फोन बंद. पोलिसांत तक्रार झाली, फोटो गावोगाव फिरले, नागपूरपर्यंतचे दवाखाने पालथे घातले. काही नाही. गाडीचा पिवळा दिवा त्याच आठवड्यात लागला होता. हे सारं गुरुजींनी वर्गात धडा वाचावा तसं सपाट आवाजात सांगितलं. मग आवाज उतरला.

"तुमी तो प्लग किती खेपा काढला?"

आसिमने बॉनेट जपून खाली घेतलं.

४

शहाण्या माणसाने त्याच दिवशी गाडी परत पाठवली असती. आसिम शहाणा होता, पण त्याला म्हाताऱ्याची दया आली. आकडा आहे तर मुलगा कुठेतरी जिवंत आहे, असं गुरुजींनी धरून टाकलं होतं. चौदा महिन्यांनी त्यांच्या तोंडावर थोडी कळा आली होती, आणि ती पुसायला आसिमचा हात धजला नाही. गुरुजी रोज अकराच्या एसटीने यायचे, गाडीशेजारी स्टूल टाकून बसायचे आणि पाचच्या एसटीने जायचे. येताना कधी ज्वारीची भाकरी आणि ठेचा आणायचे. दोघं मिळून खायचे. गाडीला हात न लावण्याचा अलिखित करारच होता.

दुसऱ्या आठवड्यात आकडा एकोणचाळीसवर गेला. दुपारपर्यंत चाळीस.

"एकशे चार," गुरुजी म्हणाले. "याले कोणी पाहून राह्यलं का नाही तिकडे? कोणी गोळी तरी देत असन का?"

मग त्यांनी जे केलं ते पाहून आसिमला हसावं की रडावं कळेना. खिशातला रुमाल फाडून त्यांनी पट्ट्या केल्या, मिठाच्या पाण्यात भिजवल्या आणि पिळून त्या पितळी सेन्सरभोवती ठेवल्या. लहान लेकराच्या कपाळावर ठेवाव्या तशा, हलक्या हाताने. आसिम त्यांना थांबवायला पुढे झाला आणि जागीच उभा राहिला. इंजिन तीन दिवसांपासून बंद होतं. तरी पट्टी दोन मिनिटांत खडखडीत वाळत होती.

गुरुजी पट्ट्या बदलत राहिले. चार वाजता अडतीस झाले. पाचची एसटी त्यांनी सोडली, सहाची पकडली, आणि जाताना आसिमचे दोन्ही हात धरले. त्या दिवसापासून आसिमने योगायोग हा शब्द मनातूनही काढून टाकला.

५

ताप गेला, पण आकडा सदतीसवर थांबला नाही. छत्तीस झाला. दोन दिवसांनी पस्तीस. मग चौतीस. बाहेर चव्वेचाळीस अंशांचं ऊन होतं, शेडच्या पत्र्याखाली लोखंडाला हात लावला तर चटका बसायचा, आणि त्या सगळ्या आगीत तेवढी एक जागा थंड होत चालली होती.

गुरुजींनी इंजिन चालू ठेवून पाहिलं. दोन टाक्या पेट्रोल जाळलं. सेन्सरला लोकरीची टोपी गुंडाळली, ती बादलच्या लहानपणची होती. तळवे घासून घासून त्यांनी त्या पितळेला ऊब दिली. आकडा तेहतीसवर आला तेव्हा ते बोलायचे थांबले. जेवायचेही. नुसते बघत बसायचे. एका दुपारी आसिमने त्यांना जबरदस्तीने समोरच्या हॉटेलात चहाला पाठवलं आणि शेडमध्ये एकटा उरला. स्कॅनरवर बत्तीस होते.

हा आकडा म्हाताऱ्याने बघू नये, एवढं एकच त्याच्या मनात होतं.

जुन्या गाड्यांच्या मिस्त्रींचा एक जुगाड असतो. सेन्सर मिळत नसला की त्याच्या जागी तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा एक रेझिस्टन्स वायरींमध्ये जोडायचा. कॉम्प्युटरला वाटतं सेन्सर आहे, आणि त्याला आपण ठरवू तोच आकडा कायम दिसत राहतो. गिऱ्हाइकाला कळतही नाही. आसिमने हे शंभर गाड्यांत केलं होतं. डब्यातून त्याने नेमका रेझिस्टन्स शोधला, सेन्सरच्या वायरी कापल्या, दाणा जोडला, वर काळी टेप गुंडाळली. रिकामा प्लग दिसायला तसाच सेन्सरवर बसवून दिला. पाच मिनिटांचं काम.

स्कॅनरवर सदतीस आले. या वेळी ते थरथरले नाहीत.

गुरुजी परत आले, आकडा पाहिला आणि मोठ्याने रडू लागले. आसिमने तोंड फिरवलं. म्हाताऱ्या गाडीला खोटं बोलायला त्याने शिकवलं होतं. पण त्याला बरं वाटलं, हेही खरं. गुरुजी म्हणाले, आता मी गाडी घरी नेतो, त्याच्या मायले दाखवतो. आसिमने स्वतःचा जुना स्कॅनरही त्यांना देऊन टाकला.

६

तिसऱ्या दिवशी फोन आला. गुरुजींचा आवाज ओळखू येईना, इतका तो तरुण झाला होता.

"मिस्त्री, बादल आला. तुमी गाडी दिली ना, त्याच संध्याकायी आला. येऊन जा."

नको, उद्या, परवा, असं करत आसिमने दोन दिवस काढले. मग राहवलं नाही. भर दुपारी मोटरसायकल काढून तो तांड्यावर गेला.

गाडी अंगणातल्या कडुनिंबाखाली उभी होती. ओट्यावर गुरुजींच्या पत्नी शकुबाई बसल्या होत्या. घरात मुलगा परत आलेला, आणि त्या बाहेर, भिंतीला पाठ लावून. आसिमला पाहून त्या उठल्या नाहीत.

गुरुजींनी त्याला हात धरून आतल्या खोलीत नेलं. खिडकीला जुनं लुगडं लावून अंधार केला होता. खाटेवर कोणीतरी भिंतीकडे तोंड करून बसलं होतं. ताठ, तळवे गुडघ्यांवर, शर्टाची गळ्यापर्यंतची बटणं लावलेली. पंखा नव्हता. आसिमच्या पाठीवरून घामाच्या धारा लागल्या होत्या. समोरच्या शर्टावर ओलीचा एक डागही नव्हता. गुरुजी खाली चटईवर बसले आणि त्या पाठीशी बोलू लागले. मिस्त्री आले रे, यांनीच आपली गाडी सांभायली.

पाठ हलली नाही.

"थकला आहे," गुरुजी म्हणाले. "बोलंन हळूहळू. पण तब्येत एकदम ठणठणीत. सकाळी अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा, दुपारी तेवढाच, रात्री तेवढाच. पॉइंटभर हलत नाही. तुमी हात लावून पाहा."

आसिमने हात लावला. का लावला ते त्याला नंतरही कळलं नाही. मनगट कोमट होतं. चहाचा कप विसरून राहावा तसं नाही, कोणीतरी मुद्दाम तेवढंच ठेवावं तसं. जिवंत माणसाचं अंग उन्हात तापतं, सावलीत निवतं, घाबरलं की गार पडतं. हे तसं नव्हतं. तो आकडा का हलत नाही हे त्या घरात फक्त आसिमला माहीत होतं. नाडी शोधायला त्याची बोटं सरकली आणि त्याने हात मागे घेतला. त्या चेहऱ्याकडे वाकून पाहायचं धाडस त्याला झालं नाही.

७

तो बाहेर आला तेव्हा शकुबाई गाडीजवळ उभ्या होत्या.

"पाच दिस झाले, डोये मिटले नाही त्यानं," त्या म्हणाल्या. "पाण्याचा गिलास देल्ला तर हातात धरते नुसता. काढून घेईपर्यंत धरते. गुरुजीले दिसत नाही. मी माय हाय, मले दिसते. गाडीत काय केलं तुमी?"

आसिमने सगळं सांगितलं. बत्तीसचा आकडा, कापलेल्या वायरी, दाणा. गुरुजींसाठी केलं, मावशी, तुमच्या पोराचं वाईट व्हावं म्हणून नाही, असं तो म्हणाला. शकुबाईंनी त्याला दोष दिला नाही. पदराने तोंड पुसलं. मग आत जाऊन किल्ली घेऊन आल्या.

"काढा ते," त्या म्हणाल्या. "माह्या पोराले जाऊ द्या."

आतून गुरुजींचा आवाज येत होता. बादल पाचवीत होता तेव्हाची काहीतरी गंमत ते त्याला सांगत होते. आसिमने बॉनेट उघडलं. घामाने पकड घसरत होती. टेप सोडली, दाणा कापून काढला, सेन्सरच्या वायरी पुन्हा जोडल्या. किल्ली फिरवली आणि गाडीतल्या स्कॅनरकडे पाहिलं.

चव्वेचाळीस. पिशवीतली तापमानाची बंदूक काढून त्याने इंजिनवर धरली. तिनेही चव्वेचाळीसच दाखवले, दुपारच्या हवेइतके. त्याने कोड पुसला आणि पिवळा दिवा विझला. चौदा महिन्यांत पहिल्यांदा गाडीत काहीही बिघाड नव्हता. आता त्या सेन्सरपलीकडे कोणी नव्हतं, हे आसिमला कळलं, आणि त्याने मनातल्या मनात, कोणी गेल्यावर म्हणायचं ते इन्ना लिल्लाह म्हटलं. शकुबाईंना सांगायची गरज पडली नाही. त्या विझलेल्या दिव्याकडे बघत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

दोघंही घरातून येणाऱ्या हंबरड्याची वाट पाहत उभे राहिले.

हंबरडा आला नाही. गुरुजींची गोष्ट चालूच होती. ती संपली, आणि ते स्वतःच हसले.

"शकू," त्यांनी आतून हाक मारली. "गोधडी आण व. लेकराचं आंग एकदम गार पडून राह्यलं."

शकुबाई जागच्या हलल्या नाहीत. आसिमच्या मुठीत तो कापलेला दाणा होता. तो परत जोडावा की काय, असं क्षणभर त्याच्या मनात आलं. आतून खाटेची करकर ऐकू आली. गुरुजी तर खाली चटईवर बसले होते. फरशीवर एक पाऊल पडलं. मग दुसरं, दाराच्या दिशेने.

"कुठी चालला रे, बादल?" गुरुजी म्हणाले. "बाहेर ऊन हाय, बेटा."